आधी पुसा, मग ग्रीस मारा

कुहीकडच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: रोटावेटरला (ट्रॅक्टरमागे माती भुसभुशीत करणाऱ्या यंत्राला) ग्रीस मारलं की निम्मं आत जातं आणि निम्मं हातावर-कपड्यावर येतं. दोन निपल, म्हणजे ग्रीस आत जायची तोंडं, ग्रीस घेतच नाहीत. ग्रीस गन टांगून ठेवली की खाली तेल ठिबकतं. रोटरच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याच्या, डाव्या टोकाला सतत ओलं असतं. यंदा तर ट्रॉलीतल्या कापसालाही डाग पडले. घरचे सांगतात की बाहेर येईपर्यंत मारत राहा. ते बरोबर आहे का?

भाऊ, काही ठिकाणी बरोबर आहे आणि काही ठिकाणी त्यानेच मशीन खराब होतं. ते कुठे-कुठे, हे पुढे सांगतो. पण चिकटपणाचं बोलायचं तर बहुतेक जण ग्रीस मारून झाल्यावर पुसायला बसतात. खरं पुसणं आधी असतं. निपलवर काळ्या मातीचा आणि जुन्या ग्रीसचा थर असताना गन लावली तर कपलर (गनच्या टोकाची निपल पकडणारी टोपी) नीट बसत नाही, म्हणून ग्रीस बाजूने येतं. जे आत जातं ते त्या थरातली माती सोबत घेऊन जातं. माती मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपर, बेअरिंग आतून घासून काढतं. म्हणजे न पुसल्याने घाणही होते आणि पैसेही जातात.

दोन फडकी ठेवा. एक फक्त आधीच्या पुसण्याला, ते काळं होणारच. दुसरं स्वच्छ, कपलरचं तोंड आणि काम झाल्यावर निपल पुसायला. सुती बनियन किंवा जुन्या धोतराचे तुकडे सगळ्यात चांगले. धागे सुटणारं कापड नको, एखादा धागा कपलरच्या जबड्यात अडकला की त्याची पकड सुटते. सगळे पॉइंट पुसून झाले की प्रत्येक निपलभोवती लाल ऑइलपेंटचा एक ठिपका द्या आणि रोटावेटरच्या कव्हरवर एकूण किती पॉइंट आहेत तो आकडा रंगवून ठेवा. ड्रायव्हर बदलला तरी एखादा पॉइंट सुटत नाही, आणि शोधताना सगळीकडे हात लागत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, हिच्यात तडजोड नाही. इंजिन बंद, चावी खिशात, रोटावेटर जमिनीवर. उचललेल्या स्थितीत खाली हात घालायचा असेल तर आधी जाड ओंडके लावा, हायड्रोलिकच्या भरवशावर राहू नका. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, मिनिटाला 540 फेऱ्यांवर फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. आपल्याकडे उन्हापायी डोक्याला दुपट्टा बांधलेला असतो, त्याचं एक टोक शाफ्टला लागलं तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ग्रीस मारताना दुपट्टा काढून ठेवा.

आता पीटीओ शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेला वाकणारा सांधा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. क्रॉसला चार वाट्या असतात, प्रत्येकीत बारीक सुईसारखे रोलर, आणि एकाच निपलमधून ग्रीस चारही वाट्यांत जातं. इथे घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे: बाहेर येईपर्यंत मारा. पण एका वाटीतून आलं म्हणून थांबू नका. चारही सीलांतून ताज्या ग्रीसची बारीक कड दिसली पाहिजे. तीन ठिकाणी आली आणि चौथ्या ठिकाणी नाही, तर ती चौथी वाटी कोरडी आहे आणि क्रॉस तिथूनच जाणार. शाफ्ट हाताने थोडा फिरवा, वर-खाली हलवून त्या बाजूचा ताण सोडा आणि परत पंप करा. बहुतेक वेळा ग्रीस येतं. तरीही आलं नाही तर क्रॉस काढून बघा. वावरात मधेच तुटला तर फिरता शाफ्ट काय-काय फोडेल याचा भरवसा नाही.

रोज आठ-दहा तास रोटावेटर चालत असेल तर दोन्ही क्रॉसना रोज ग्रीस लागतं. सकाळी नव्हे, संध्याकाळी काम संपल्यावर मारा. सांधे गरम असतात, ग्रीस सहज सरकतं, आणि दिवसभरात आत शिरलेली धूळ-ओल रात्रभर बसून राहण्याआधी बाहेर ढकलली जाते. धानाच्या बांधीत चिखलणी केली असेल तर हे त्याच दिवशी झालंच पाहिजे. पुढच्या चाकाच्या हबला आणि किंगपिनलाही (चाक ज्या पिनवर वळतं ती) मारा, कारण ते त्या दिवशी पाण्यात बुडालेले असतात.

शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्याही विसरू नका. सीझनमध्ये अधूनमधून दोन्ही वेगळ्या करा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसून काढा आणि बोटाने पातळ थर लावा. नळी अडकली तर रोटावेटर वर-खाली होताना शाफ्ट आखूड-लांब होत नाही, आणि तो सगळा दाब ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर नाहीतर रोटावेटरच्या गिअरबॉक्सवर येतो.

रोटरच्या बाजूच्या बेअरिंगचं मात्र उलटं आहे. तिथे आत ऑइल सील असतं. बाहेर येईपर्यंत मारत राहिलात तर सीलचा ओठ उलटतो आणि मग चिखलाला आत जायला रस्ता मोकळा. लिव्हरच्या गनमध्ये दाब इतका बनतो की सील त्यापुढे काहीच नाही. लिव्हर हळू दाबा, हाताला जडपणा जाणवला की थांबा. मॅन्युअलमध्ये किती स्ट्रोक दिलेत ते बघा आणि तेवढेच मारा. आणि गन लावण्याआधी रोटरच्या टोकाला काय गुंडाळलंय ते कापून काढा. पऱ्हाटीच्या साली, गवत, सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा, हे सगळं फिरत-फिरत सीलच्या कडेत शिरतं. सील खराब होण्याचं मोठं कारण हेच आहे, ग्रीसची कमतरता नव्हे.

थ्रेशरच्या बेअरिंगलाही मोजूनच. जास्त वेगाने फिरणारं बेअरिंग ग्रीसने ठासून भरलं तर ते घुसळलं जातं आणि तापतं. आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढंच ग्रीस पुरतं. थोडं-थोडं मारा, मधे पुली हाताने फिरवा. बाहेर आलेलं ग्रीस लगेच पुसा, कारण सोयाबीनचं कुटार आणि धूळ त्याला चिकटते, थर साचतो, आणि बेअरिंग तापलं तर तिथेच पेट घेते. मळणीच्या हंगामात दर खेपेला थांबल्यावर बेअरिंगजवळ हात नेऊन बघायची सवय ठेवा.

तुमचे ते दोन निपल. आधी नीट पुसून आतली गोळी काडीच्या टोकाने दाबून बघा. दाबून परत वर आली नाही तर निपल गेला, बदला. गोळी हलत असेल पण ग्रीस जात नसेल तर त्या सांध्यावरचं वजन सोडा. ट्रॅक्टरच्या किंगपिनला किंवा सेंटर पिनला हे फार होतं, कारण पुढचं सगळं वजन पिनच्या एका बाजूवर बसलेलं असतं आणि ग्रीसची वाट दबलेली असते. एक्सल जॅकवर घेऊन खाली ठोकळा द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा, मग पंप करा. तेही चाललं नाही तर निपल पान्याने काढा आणि हवेतच गनला लावून बघा. त्यातून ग्रीस आलं तर दोष खालच्या छिद्रात आहे: बारीक तार फिरवा, डिझेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवा. नाही आलं तर नवा निपल. निपल फार स्वस्त वस्तू आहे, सीधे आणि तिरपे दोन्ही चार-चार घरी ठेवा. फक्त नेताना जुना सोबत न्या, कारण चुडी (आटे) वेगवेगळी असते आणि जबरदस्तीने बसवला तर छिद्राची चुडी बिघडते.

कपलर सरळ धरा. काढताना ओढू नका, जरा तिरपा करा, आपोआप सुटतो. नवीन निपलवरही बाजूने ग्रीस येत असेल तर कपलरचे जबडे सैल झालेत. पुढची टोपी थोडी आवळून बघा, नाहीतर नवा कपलर घ्या. गनची रबरी नळी कुठे फुगली-चिरली असेल तर ती वापरूच नका, आणि गळती कुठून आहे ते बोटाने चाचपून तर अजिबात बघू नका. दाबाने सुटलेली ग्रीसची बारीक धार कातडीच्या आत घुसते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, फारसं दुखतही नाही, पण आत हाताचं मांस मरत जातं. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, त्याच तासाला नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, ही मोठी सरकारी हॉस्पिटलं, गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचं ग्रीस आत गेलंय.

गन भरण्याची पद्धत बदलली की निम्मी घाण तिथेच संपते. हाताने गोळे कोंबू नका, मधे हवा राहते आणि मग गन फुसफुसते. बकेटमधलं ग्रीस आधी पट्टीने सपाट करा. गनचं डोकं काढून नळकांड्याचं उघडं तोंड ग्रीसमध्ये दोन बोटं बुडवा आणि मागचा दांडा सावकाश ओढा, तोंड पूर्ण वेळ बुडालेलं राहू द्या. गन ओढूनच भरते. वर काढताना कड बकेटच्या काठावर निपटून घ्या, डोकं बसवा पण एक आटा सैल ठेवा, दांडा सोडा, हवा निघून ग्रीस दिसलं की आवळा. खाली पुठ्ठा अंथरा. बकेटचं झाकण लगेच लावा, कारण टिनाच्या शेडमध्ये वाऱ्यासोबत किती धूळ येते ते तुम्हाला माहीत आहे.

गन ठिबकते ती आपल्या उन्हामुळे. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर जातो, त्यात टिनाखाली गन तोंड खाली करून टांगली आणि मागच्या स्प्रिंगचा दाब चालू ठेवला तर जाळीतलं तेल सुटून खाली येणारच. दांडा ओढून अडकवून ठेवा म्हणजे दाब राहत नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, खाली एंड कॅप लावा, सावलीतल्या भिंतीला उभा ठोका आणि गन त्यात तोंड वर करून ठेवा. कपलरवर औषधाच्या बाटलीचं झाकण. बकेटही घरात गार जागी ठेवा. वर थोडं तेल सुटलं असेल तर ओतून देऊ नका, ढवळून परत मिसळा.

ग्रीस कोणतं, तर रंग बघून घेऊ नका, रंग कंपनी घालते. डब्यावर लिथियम लिहिलंय का आणि नंबर काय ते बघा. एपी-3, म्हणजे 3 नंबरचं, आपल्याकडे सगळीकडे मिळतं आणि उन्हाळ्यात ठीक चालतं. 2 नंबरचं त्याहून मऊ असतं, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गनमधून सोपं जातं. क्रॉससाठी ईपी लिहिलेलं घ्या, ते दाब सहन करतं. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं मिसळू नका. काही एकमेकांशी जुळत नाहीत आणि पातळ होऊन वाहून जातात.

कापसाच्या डागाचं मूळ बहुतेक तुमच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याच्या कडीत आणि कोयंड्यात आहे. तिथे ग्रीस नकोच, इंजिन ऑइलचा एक थेंब देऊन पुसून घ्या. हुक आणि हबला ग्रीस लागतंच, पण वेचणीच्या दिवसांत ते माल भरून आल्यानंतर संध्याकाळी मारा, भरण्याआधी नको. आणि ग्रीसचे हात लागलेला माणूस त्या दिवशी गंज्यांना हात लावणार नाही, एवढं घरात ठरवून टाका. पुढे संत्र्याच्या तोडणीलाही हेच लागू.

हात धुताना डिझेल-पेट्रोल वापरू नका, कातडी फाटते. आधी कोरड्या लाकडी भुशाने चोळा, मग थोडं सोयाबीनचं तेल, मग साबण. जमिनीवर सांडलं तर भुसा किंवा राख टाकून फावड्याने उचला. जवसाचं तेल घरात असेल तर ते मात्र या कामाला नको. जवसाच्या तेलाने भिजलेली सुती फडकी गोळा करून ठेवली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात, आणि कोठ्याशेजारी कुटाराचा ढीग असतो. चिकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जुनं ग्रीस-ऑइल विहिरीच्या बाजूला किंवा नाल्यात टाकू नका, डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

आता एक तपासा. तुम्ही लिहिलं की रोटरच्या डाव्या टोकाला सतत ओलं असतं. ते बोटावर घेऊन बघा. घट्ट आणि लोण्यासारखं असेल तर जास्तीचं ग्रीस आहे, पुसा आणि पुढे मोजूनच मारा. पातळ आणि वास येणारं असेल तर चेन केसचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल आहे, म्हणजे सील गेलं. काही जण अशा वेळी गिअरबॉक्समध्येच ग्रीस भरून गळती बंद करतात, ते करू नका. ग्रीस दात्यांनी एकदा बाजूला फेकलं की परत येत नाही आणि गिअर कोरडे चालतात. सील बदला, मॅन्युअलमध्ये दिलेलं गिअर ऑइल लेव्हलपर्यंत भरा, आणि हे काम खरिपाची घाई सुरू होण्याआधी उरका. जूनमध्ये मेकॅनिक हाताला लागत नाही.