नव्या गाडीत बटणं जवळपास नाहीतच, सगळं टचस्क्रीनवर. काही दिवसांत सवय होते का, की बटणांची जुनी गाडीच चालवत राहावी?

"होते हो सवय," असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. माझा मेहुणा त्यांतलाच.

त्याने अशीच गाडी घेतली आहे. एका पावसाळी रात्री आम्ही त्या गाडीतून परतत होतो. तो दमला होता म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे. गाडी भरलेली, सगळ्यांचे कपडे ओले, काचा बंद. व्हायचं तेच झालं, समोरची काच आतून धुरकटली. अशा वेळी एसी लावायचा आणि हवा काचेवर सोडायची, हे तुम्हालाही माहीत असेल. माझ्या गाडीत ते मी रस्त्यावरची नजर न हलवता करतो. इथे स्क्रीनवर नकाशा पसरलेला. आधी तो बाजूला सारा, मग खालच्या पट्टीत पंखा शोधा, मग हवा कुठे सोडायची त्याची चित्रं. बोट ओलं, त्यात गाडी खड्ड्यात आदळली, बोट भलतीकडेच पडलं आणि मागे पेंगणाऱ्या पोरांच्या कानाशी गाणं दणाणलं. "थांबा भाऊजी, मी करतो," म्हणत मेहुणा शेजारून वाकून टोचायला लागला, तर माझी सीट गरम व्हायला लागली. समोरून ट्रक येत होता आणि मला दिसत होता फक्त पांढरा धूर. गाडी कडेला घेतली आणि चारही इंडिकेटर लावले. ते मात्र पटकन लागले, कारण लाल त्रिकोणाचं तेवढं बटण कंपनीने शिल्लक ठेवलं होतं.

घरी पोचल्यावर या पठ्ठ्याने सगळ्यांदेखत ऐकवलं, "अंतराळवीर टचस्क्रीनवर यान चालवतात आणि आमच्या भाऊजींना काच साफ करता येईना!" सगळे हसले. बायकोसुद्धा.

त्या यानाचं सांगतो. स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनमध्ये टचस्क्रीन आहेत, हे खरं. मे २०२० मध्ये डग हर्ली आणि बॉब बेन्केन त्यातून गेले आणि हर्लीने थोडा वेळ स्क्रीनवरूनच यान हाताळूनही पाहिलं. पण ते यान एरवी आपलं आपणच उडतं, आणि त्या स्क्रीनच्या खाली आणीबाणीसाठी खरीखुरी बटणं बसवलेली आहेत. शिवाय तिथे समोरून ट्रक येत नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रयानात तर वर परतण्याचं इंजिन सज्ज करणाऱ्या सर्किट ब्रेकरचं टोकच मोडलं होतं. अंतराळवीर बझ आल्ड्रिनने त्या भोकात फेल्टपेन खुपसून तो दाबला. मेहुणा यावर म्हणतो, बघा, बटणही मोडतंच की. मोडलं ना, पण पेनने दाबता आलं! तुझा स्क्रीन काळा पडला तर काय खुपसशील?

सवयीचं म्हणाल, तर स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओ लावणं, तापमान वाढवणं अशी साधी कामं करायची. चालकांना आधी गाडीशी ओळख करून घ्यायला वेळ दिला होता, हे लक्षात घ्या. २००५ च्या बटणांच्या व्होल्व्होत सगळं १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकलं. सर्वात मंद ठरलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. सवा किलोमीटरहून जास्त अंतर रस्त्याकडे अर्धंमुर्धं लक्ष!

अमेरिकी नौदलालाही हे महागात पडलं. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' या युद्धनौकेची एका टँकरशी टक्कर झाली, १० नौसैनिक गेले. चौकशीत टचस्क्रीनवरच्या सुकाणू-नियंत्रणाच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं. पुढे नौदलाने अशा जहाजांवर वेगाचे दांडे परत आणायचं ठरवलं. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅपही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरं बटण किंवा दांडा नसेल तर गुण कापतं.

मग कंपन्या असं का करतात? प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळी वायर. स्क्रीन एकदा बसवला की बाकीचं सॉफ्टवेअरवर ढकलता येतं. पैसे त्यांचे वाचतात आणि वर त्यालाच 'प्रीमियम' म्हणायचं. व्हिडिओवाले परीक्षकही गाडी उभी करून, कोरड्या बोटाने मेनू सरकवत 'काय स्मूथ आहे' म्हणतात. रात्री, पावसात, काच धुरकटलेली असताना कोणी दाखवलंय?

आता न्यायाने बोलायचं तर दोष नुसत्या स्क्रीनचा नाही. त्याच स्वीडिश चाचणीत व्होल्व्होच्या टचस्क्रीनवाल्या सी४० ने १३.७ सेकंदांत काम आटोपलं. मेनू नीट रचला असेल तर निभतं. रिव्हर्स कॅमेरा आणि नकाशा तर मलाही हवेच आहेत.

तेव्हा घ्यायचीच असेल तर टेस्ट ड्राइव्हला सेल्समनला गप्प बसवा आणि सुरक्षित मोकळ्या रस्त्यावर, नकाशा चालू ठेवून, न बघता हवा काचेवर सोडून दाखवा. जमलं तर घ्या. नाही जमलं आणि तो "सवय होते सर" म्हणाला, तर त्याला माझ्या मेहुण्याचा नंबर द्यायला मी तयार आहे. जुनी गाडी अजून किती वर्षं काढेल, ते मात्र तुमच्या मेकॅनिकलाच विचारा.