‘हू’च्या मागेपुढे स्वल्पविराम कधी द्यावा?

प्रश्न : मी एका सहकारी संस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार पाहते. वाचताना जिथे थांबावेसे वाटते तिथे स्वल्पविराम द्यावा, असे शाळेत शिकवले होते. परवा एका सूचनेत मी ‘द मेंबर्स हू हॅव नॉट पेड द फी, विल नॉट बी अलाउड टू व्होट’ असे लिहिले. वरिष्ठांनी आधी तो स्वल्पविराम खोडला आणि नंतर ‘मेंबर्स’ व ‘फी’ या दोन्ही शब्दांपुढे स्वल्पविराम दिले. बरोबर काय? तसेच यादीत शेवटच्या ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा का?

उत्तर : वरिष्ठांनी आधी केले तेच बरोबर होते. नंतरच्या दोन स्वल्पविरामांनी अर्थच पालटला. आता ती सूचना असे सांगते की, एकाही सभासदाने वर्गणी भरलेली नाही आणि कोणालाच मत देता येणार नाही.

तुमच्या हातून ही चूक का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. मराठीत आपण ‘ज्यांनी वर्गणी भरली नाही, त्यांना मत देता येणार नाही’ असे लिहितो. ‘जो’ आणि ‘तो’ यांची दोन वाक्ये जिथे जुळतात, तिथे स्वल्पविराम येतो आणि तो योग्यच असतो. इंग्रजीत मात्र ‘हू’ने सुरू होणारा भाग कर्त्याच्याच पोटात बसतो, आणि कर्ता कितीही लांबला तरी तो व क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही. मराठीत ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून इंग्रजीवरूनच रुजली. चिन्ह सारखे असले तरी वाक्याची घडण वेगळी, म्हणून हा घोटाळा होतो. ‘तो म्हणाला, की’ याच्या सवयीने ‘ही सेड, दॅट’ असे लिहिले जाते, तेही त्यामुळेच. तिथे स्वल्पविराम नको.

‘हू’चा भाग मनातल्या मनात काढून पाहावा. तो काढल्यावर कोणाविषयी बोलतो आहोत हेच कळेनासे झाले, तर स्वल्पविराम देऊ नये. ‘अवर चेअरमन, हू रिटायर्स इन मार्च, हॅज कॉल्ड अ मीटिंग’ या वाक्यात अध्यक्ष एकच आहेत, निवृत्तीची माहिती जादा आहे, म्हणून ती दोन्ही बाजूंनी वेगळी काढली आहे. यातला दुसरा स्वल्पविराम विसरला जातो आणि वाक्य लंगडे होते. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले, तर तुम्हाला आणखी भाऊ आहेत असा अर्थ निघतो.

यादीतल्या ‘अँड’पूर्वीच्या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयावरून ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. अमेरिकी ग्रंथप्रकाशक तो बहुधा देतात, ब्रिटिश वृत्तपत्रे बहुधा देत नाहीत. दोन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त एका मजकुरात एकच पाळावी. नियमावलीत मात्र तो द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या वाढीव मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘शिपमेंट’पुढे स्वल्पविराम नसल्याने यात वगळले आहे ते फक्त पॅकिंग, माल पोहोचवणे नव्हे, असे ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीचालकांनी मांडले. मजकूर संदिग्ध आहे, असे म्हणत अपील न्यायालयाने 2017 मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढल्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळाने नंतर त्या यादीतली कामे अर्धविरामांनी वेगळी केली.