मसाला नव्हे, पाणी

प्रश्न : गेल्या रविवारी एका छोट्या हॉटेलात फरसबी, गाजर आणि मश्रूम परतून दिले होते. कडा खरपूस, फरसबी दाताखाली करकरणारी. मीठ, मिरी, लसूण याखेरीज काही दिसलं नाही. घरी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा पाणी सुटलं आणि भाजी उकडल्यासारखी झाली. कोणता मसाला माझ्या नजरेतून सुटतोय?

उत्तर : मसाला नाही हो, पाणी. मी स्वतः यात बरीच वर्षं फसले आहे. बाहेर काही आवडलं की घरी येऊन वहीत अंदाज लिहायचे : ‘बहुतेक जायफळ’, ‘थोडी साखर?’ अशी चार पानं भरली आहेत. मग एकदा टेबल मिळेना म्हणून भटारखान्याच्या दाराशी वीसेक मिनिटं उभी राहिले आणि वही फुकट गेली. आचारी घालत काहीच वेगळं नव्हता. भली मोठी लोखंडी कढई, खाली दणदणीत आच आणि कढईत भाजी किती, तर दोन माणसांपुरती. आपण छोट्या पॅनमध्ये पाच जणांची भाजी कोंबतो.

याचं कारण साधं आहे. मश्रूममध्ये वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पॅनच्या तळाशी पाणी साचलेलं आहे तोवर भाजीचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग-वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढं जावं लागतं. प्रथिनं आणि साखर एकमेकांवर तापून हा रंग चढतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. त्यात वाफेचा हिशेब फार महागडा. खोलीत ठेवलेल्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ करायला लागते. घरच्या शेगडीला एवढं एकदम झेपत नाही. गर्दी केली की भाजी आपल्याच पाण्यात उकडते.

तेव्हा भाजी धुतल्यावर फडक्यानं खरंच कोरडी करा. मी फडकं पसरून त्यावर अर्धा तास ठेवते. सगळ्यांत रुंद भांडं घ्या, ते आधी तापू द्या आणि दोन-तीन घाण्यांत करा. मश्रूम वेगळे, फरसबी वेगळी. मीठ शेवटी, कारण ते पाणी ओढून बाहेर काढतं. आणि सतत ढवळू नका! हे मला सर्वांत कठीण गेलं. हातात उलथनं असलं की हात स्वस्थ बसत नाही. मी ते मुद्दाम सिंकमध्ये ठेवते, म्हणजे घ्यायला चार पावलं जावं लागतं. लसूण अगदी शेवटच्या मिनिटाला घाला, बारीक चिरलेला लसूण भाजीच्या आधी करपतो आणि कडू होतो.

प्रश्न : फ्राइड राइस घरी केला की गोळा होतो. तांदूळ बदलून पाहिला. तरी तेच.

उत्तर : तांदूळ बदलू नका, दिवस बदला. गरम भातावर वाफेचा ओलावा असतो आणि त्यातला स्टार्च मऊ, चिकट असतो. भात थंड होताना तो स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, दाणा टणक होतो आणि वरचा ओलावाही उडतो. म्हणून कालचा भात सुटा परतला जातो. माझ्या मुलानं हे ऐकून भात रात्रभर ओट्यावरच ठेवला होता आणि सकाळी वर मलाच शहाणपण शिकवत होता. तो सगळा टाकून दिला. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही तग धरतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा भात शिजला की रुंद ताटात पातळ पसरा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका.

प्रश्न : बटाटा आणि टोमॅटो एकत्र शिजवते. टोमॅटोचा लगदा होतो, बटाटा मात्र कच्चाच. बटाटा वाईट येतोय का?

उत्तर : बटाट्यावर आळ घेऊ नका. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात हळू विरघळतं. बटाटा आधी शिजवा, आंबट मागून घाला. हीच गोष्ट उलटी करूनही कामाला येते. बाहेर खरपूस कवचाचे, आतून लोण्यासारखे बटाटे खाल्ले असतील, तर ते असे : फोडी उकडताना दोन लिटर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा. त्यानं पेक्टिन लवकर सुटतं आणि फोडींची बाजू पिठूळ, खडबडीत होते. पाणी काढून पातेल्यातच दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या (पुन्हा पाणीच!), मग पातेलं झाकण लावून जरा हलवा आणि फोडी गरम तेलात सोडा. त्या खडबडीत बाजूलाच रंग चढतो. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. माझ्याकडून एकदा पडला होता. पाहुणे सभ्य होते.

प्रश्न : पाककृतीत ‘कांदा दहा मिनिटं परतून गडद तपकिरी करा’ असं असतं. माझा दहा मिनिटांत जेमतेम पारदर्शक होतो. आच वाढवली की कडा काळ्या आणि मध्ये कच्चा. माझं काय चुकतं?

उत्तर : काहीच नाही. पाककृती लिहिणारे खोटं बोलतात. कांदाही जवळजवळ नव्वद टक्के पाणीच, ते उडेपर्यंत रंग यायचा नाही. अर्धा किलो कांदा मंद आचेवर पाऊण तास सहज खातो. इथं मात्र मीठ सुरुवातीलाच घाला, कारण पाणी लवकर बाहेर यायलाच हवं आहे. तळाला चिकटू लागला की चमचाभर पाणी टाकून खरवडा, तळाचा तो तपकिरी थर कांद्यातच मुरू द्या. चिमूटभर सोड्यानं रंग लवकर येतो खरा, पण कांद्याचा लगदा होतो. वाटणात जाणार असेल तरच वापरा.

माझ्याच एका जुन्या पाककृतीत ‘दहा मिनिटं’ छापलं आहे. कात्रण जपून ठेवलं असेल तर तिथं पेननं चाळीस करा.