इथिओपियाच्या ओगादेनमध्ये लोकांकडे एवढे उंट, शेळ्या-मेंढ्या असूनही २००७ नंतर उपासमार कशी काय झाली?

कारण तिथे नुसत्या जनावरांवर घर चालत नाही, ती विकून धान्य आणावं लागतं, आणि २००७ मध्ये नेमका तो बाजारच बंद पाडला गेला. एप्रिलमध्ये ओएनएलएफच्या (ओगादेन नॅशनल लिबरेशन फ्रंट) बंडखोरांनी अबोलेच्या तेलक्षेत्रावर हल्ला केला, त्यात ९ चिनी कामगारांसह ७० हून जास्त लोक मेले, मग बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून इथिओपियाच्या लष्कराने फिक, देगेहबूर, कोराहे, गोडे, वार्देर या पट्ट्यात व्यापारी ट्रक आणि जनावरांची ने-आण अडवली. आता शेळ्या-मेंढ्या सोमालीलँडच्या बर्बेरा बंदरातून आखातात जायच्या आणि त्याच वाटेने तांदूळ, साखर, पीठ आत यायचं, ते दोन्ही एकदम थांबलं. शेळीला गिऱ्हाईक नाही, धान्याचा भाव चढलेला, आणि कळप चाऱ्या-पाण्यामागे हलवता आला नाही की दूधही आटतं, म्हणजे सगळीकडूनच कोंडी. त्यात जुलैमध्ये रेड क्रॉसलाही बाहेर काढलं, हे तर फारच वाईट झालं. ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या २००८ च्या रिपोर्टमध्ये याला सामूहिक शिक्षा म्हटलंय, गावं जाळल्याचंही त्यात आहे, सरकारने मात्र आरोप फेटाळले. एक लक्षात घ्या, हे आजच्या परिस्थितीला जसंच्या तसं लावू नका, ऑक्टोबर २०१८ मध्ये ओएनएलएफशी शांतता करार झाला, आणि २०२० च्या अखेरीपासून जे कळप मेले ते ओळीने ५ पावसाळे वाया गेल्यामुळे (तिथे वर्षाला दोन असतात, गू आणि देयर).