विनेबेगोसारख्या मोठ्या, उथळ तलावात वॉलाय मासा शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न असा: "ॲपलटनला राहतो, छोटी बोट घेतली आहे. दोन महिने विनेबेगोवर जातोय, पण तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर तळ सगळीकडे सपाट. खड्डा नाही, उतार नाही. इथे वॉलाय शोधायचा तरी कुठे?"

तळ थोडा बाजूला ठेवा आणि आधी वारा बघा. मी अकरा वर्षं ओशकोशला, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये विनेबेगोच्या काठी आहे, दर उन्हाळा याच पाण्यावर जातो, आणि मला इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे.

विनेबेगो सुमारे ५५७ चौ. किमी पसरलेला आहे, म्हणजे पैठणच्या नाथसागरापेक्षा बराच मोठा. आणि त्याची सगळ्यांत खोल जागा २१ फूट! एवढ्या पसरट पाण्याला दोन दिवस एकाच दिशेचा वारा लागला की तळापासून ढवळून निघतं. वॉलाय हा शिकारी मासा, त्याला हेच हवं असतं. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात त्याला दिसतं आणि तो ज्यांना खातो त्या पर्च माशांना नीट दिसत नाही. नितळ, खोल तलावात तो पहाटे नाहीतर दिवेलागणीला खातो. इथे वाऱ्याने पाणी चहासारखं झालं, तर भर दुपारी खडपावर येतो.

म्हणून घरून निघण्याआधी मागच्या दोन दिवसांचा वारा बघा. पूर्वेचा असेल तर पश्चिम काठाच्या दगडी रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडपावर जा, पश्चिमेचा असेल तर पूर्व काठावरच्या हाय क्लिफच्या बाजूला. वारा ज्या काठावर आपटतोय तो काठ तुमचा. रीफच्या माथ्यावर पाच-सहा फूटच पाणी असतं, आणि एवढ्या कमी पाण्यात मासा कसा असेल असं वाटून नवखी माणसं तिथून पुढे निघून जातात. थांबा तिथे. बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या, नांगर टाका, दोर सैल सोडत खडपाच्या जवळ या. एक अष्टमांश औंसाची जिग (डोक्याशी वजन असलेला गळ), तिला अर्धं गांडूळ किंवा जळू. जिग दगडाला टेकू द्या आणि बोटभर उचला. वॉलाय हिसका देत नाही हे लक्षात ठेवा. तंगूस नुसता जड होतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. तो जडपणा जाणवला की काठी उचलायची. मी पहिल्या वर्षी ओढीची वाट बघत बसलो आणि कितीतरी मासे घालवले.

आता त्या सपाट तळाबद्दल. तो रिकामा नाही. मधल्या भागात चिखल आहे आणि त्या चिखलात लेकफ्लाय नावाच्या डासासारख्या किड्याच्या अळ्या आहेत. मे महिन्यात त्यांचे ढग किनाऱ्यावर उठतात, गाड्या आणि भिंती काळ्या होतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या दिवसांत पकडलेल्या वॉलायचं पोट चिरून बघा. लाल शेवयांचे तुकडे असावेत तसा अळ्यांचा गोळा बाहेर येतो. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून त्या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे तो रंग. पोट असं गच्च भरलेलं असताना मासा गळाकडे फिरकत नाही, तेव्हा मे महिन्यात रिकाम्या हाताने परत आलात तर तुमचं काही चुकलेलं नाही. जुलैपासून मात्र हाच चिखल कामाला येतो. मासा तिथे पसरलेला असतो, त्यामुळे एका जागी बसून भागत नाही. ताशी दोन मैलांच्या आसपास बोट चालवत क्रँकबेट (माशासारखं दिसणारं बनावट आमिष) ओढायची. मला स्वतःला नांगर टाकून बसणं आवडतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये ओढणारेच जास्त मासे आणतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या माद्या तलावात शोधू नका. त्या गाबोळी घेऊन वुल्फ नदीने कित्येक मैल वर जातात आणि पुराच्या पाण्याने भरलेल्या दलदलीत गवतावर अंडी घालतात. पुढच्या वर्षांत किती मासा असेल हे त्या गवतावरून पाणी किती दिवस वाहतं यावर बरंच ठरतं. तुम्हाला रोज ३ मासे घरी नेता येतात, पण गाबोळीने फुगलेली मोठी मादी मिळाली तर ती सोडून द्या असं मी हात जोडून सांगेन. खायला पंधरा-सोळा इंची मासाच चांगला लागतो.

वॉलायऐवजी शीपहेड मासे भरपूर लागतील, नाराज होऊ नका. हातात धरला की तो गुरगुरतो. मी वसईचा, मला पहिल्यांदा तो आवाज ऐकून एकदम ढोमी आठवली. नंतर वाचलं तर खरंच तो आपल्या घोळ आणि ढोमीच्याच कुळातला, फक्त गोड्या पाण्यातला.

एक गोष्ट मात्र जीवावरची आहे. ज्या वाऱ्याच्या मागे जायला सांगतोय, तोच इथे माणसं बुडवतो. उथळ पाण्यात लाट आखूड आणि उभी उठते, एक उतरेपर्यंत दुसरी अंगावर. तलाव उत्तर-दक्षिण जवळपास तीस मैल लांब, तेव्हा त्या दिशेचा वारा सुटला की लाटेला मोकळं रान मिळतं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी आणि माझा मेव्हणा सोळा फुटी बोटीत मधोमध होतो आणि वारा उत्तरेला फिरला. मागून पाणी आत यायला लागलं. मी नाक लाटेकडे वळवलं, मेव्हणा आमिषाच्या डब्याने पाणी उपसत राहिला, आणि तीन मैलांना आम्हाला पावणेदोन तास लागले. त्या दिवशी लाइफ जॅकेट बसायच्या बाकाखाली होती. तेव्हापासून ती अंगावर असतात.

तुमची बोट किती फुटी आहे ते लिहिलं नाहीत. सोळाच्या आत असेल तर ताशी १० मैलांच्या वर वारा असताना मध्ये जाऊ नका. धक्क्यापासून दिसेल एवढ्याच अंतरावरची रीफ निवडा आणि बोटीची लांबी मला कळवा. कुठल्या धक्क्यावरून उतरायचं ते मग नीट सांगता येईल.