सार्वजनिक विद्यापीठात आयटीवर होणारा खर्च वसूल होतो का?

तुमचा प्रश्न असा: मुंबई विद्यापीठासारख्या सार्वजनिक विद्यापीठात आयटीचं नेमकं काम काय, आणि त्यावर जाणारा पैसा परत मिळतो की नुसता कंत्राटदारांच्या खिशात जातो? मी मुंबईतल्या एका संलग्न कॉलेजच्या ऑफिसात संगणकाचं काम बघतो. म्हणजे हा सगळा कारभार मी खालून बघितलेला आहे, कुलगुरूंच्या खुर्चीतून नाही.

माझं उत्तर: पैसा वसूल होतो, पण विद्यापीठाच्या वहीत नाही. खर्च एकाच्या नावावर पडतो आणि बचत दुसऱ्याच्या खिशात जाते, म्हणून लेखा विभागाला आयटी म्हणजे नुसती खड्ड्यात टाकलेली रक्कम वाटते.

मुंबई विद्यापीठाची हद्द बघा. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, थेट सिंधुदुर्गापर्यंत. सावंतवाडीच्या मुलीला ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत दाखला, हवं असेल तर पूर्वी रात्रीची कोकणकन्या पकडायची, दादरला उतरून कलिनाचं विद्यापीठ संकुल गाठायचं, खिडकीवर अर्ज द्यायचा, चलान भरायचं आणि 'आठ दिवसांनी या' ऐकून परत जायचं. सोबत वडील, म्हणजे त्यांचीही रोजी बुडाली. आता अर्ज आणि फी घरबसल्या भरता येते. वाचलेलं भाडं आणि रोजी कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. विद्यापीठाला दिसतो तो फक्त सर्व्हर, पेमेंट गेटवे आणि एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा खर्च.

आता उलटी बाजू, जी आम्ही कॉलेजवाले रोज भोगतो. पूर्वी प्रश्नपत्रिका छापून, सीलबंद करून गाडीने केंद्रांवर यायच्या. आता त्या परीक्षेच्या थोडं आधी इंटरनेटवरून येतात आणि आम्ही कॉलेजात छापतो. प्रत्येक पानावर केंद्राची खूण असलेला वॉटरमार्क असतो, त्यामुळे कुणी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकलाच तर पेपर कुठून फुटला हे कळतं. सोय उत्तमच. पण सकाळी पेपर उतरवून घेताना स्ट्राँगरूममध्ये काय चालतं ते बघायला या. दोन मोठी मशीन तापून वास मारतायत, एकजण गठ्ठे मोजतोय, एकजण टोनर हलवून हलवून शेवटच्या प्रती काढतोय, आणि प्राचार्य दारात उभे राहून यूपीएसच्या दिव्याकडे बघतायत. छपाई आणि वाहतुकीचा खर्च विद्यापीठाचा वाचला, कागद, टोनर, वीज आणि माणसं आमच्याकडे आली. आमच्याकडून तो शेवटी फीमध्येच जातो. 

आणि यंत्रणा कोसळली तर? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना चुकीची नव्हती: बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे हिंडवावे लागत नाहीत. पण उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर, पुरेशी चाचणी न घेता, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम त्यात घातल्या. कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. कुलगुरूंची खुर्ची गेली हे सगळ्यांच्या लक्षात आहे. परदेशातला प्रवेश किंवा हातातली नोकरी ज्यांची गेली, त्यांचा हिशेब कुणी मांडला? पद्धत मात्र पुढेही चालू राहिली आणि हळूहळू रुळली. म्हणजे गोंधळ सॉफ्टवेअरपेक्षा घाईचा जास्त होता.

कंत्राटदारांबद्दल म्हणाल, तर लुबाडणूक म्हणावी तेवढी सोपी नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुपारी जाऊन घेता येईल असा साधा नेटवर्क स्विच आम्हाला कोटेशन, तुलनात्मक तक्ता, समितीची सही या वाटेने महिन्याभराने मिळतो. मोठ्या खरेदीला ई-टेंडर. तिथे सगळ्यात कमी दराचा म्हणजे एल-वन निवडला जातो, आणि त्याने सेवेत हात आखडता घेतला की भोगायचं आपण. शिवाय सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. सॉफ्टवेअर घेणारी एखादी कंपनी तो आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करून घेऊ शकते. शिक्षण सेवेवर जीएसटीच नसल्यामुळे विद्यापीठाला ती सवलत मिळत नाही, पूर्ण कर अंगावर बसतो.

फुकटातलं तर आणखी महाग पडतं. गुगलने शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवण दिली होती, तेव्हा सगळ्यांनी लेक्चरचे व्हिडिओ त्यात ओतले. २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं, आता संस्थेमागे १०० टीबी (टेराबाइट). मोठ्या संस्थांमध्ये मग जुन्या फाइली कोण पुसणार यावरून जुंपली.

निखळ बचत कुठे झाली म्हणाल तर ग्रंथालयात. एकेका विद्यापीठाने संशोधन नियतकालिकांसाठी परदेशी प्रकाशकांशी भाव करायचा तर तो मिळत नाही. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, सगळ्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी. हे काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र, सांभाळतं. नियतकालिकांची बिलं भरून दमलेल्या ग्रंथपालांना विचारा. पण खाजगी अनुदानित कॉलेजं या यादीत नाहीत, आणि मुंबईतली बरीच नावाजलेली कॉलेजं नेमकी त्याच वर्गातली.

माणसांचं दुखणं वेगळंच. पद रिक्त, म्हणून कंत्राटी पोरगा घ्यायचा. तो वर्षभरात परीक्षेच्या डेटाबेसचे सगळे खाचखळगे शिकतो आणि ऐरोलीच्या किंवा पवईच्या आयटी कंपनीत दुप्पट पगारावर जातो. त्याच्या डोक्यातलं कुठेच लिहिलेलं नसतं. हा तोटाही हिशेबाच्या कुठल्या हेडखाली दाखवत नाहीत.

तुम्हाला आकडे स्वतः बघायचे असतील तर दरवर्षी विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) मांडला जाणारा अर्थसंकल्प काढा. फक्त 'संगणक' हे एक हेड बघून थांबू नका. परीक्षा विभागाचा तपासणीचा खर्च, ग्रंथालयाचा ऑनलाइन वर्गणीचा आणि इमारत विभागाचा एसी-वीज-यूपीएसचा, असे तिन्ही धरा. आयटीचा खरा खर्च या चार ठिकाणी विखुरलेला असतो. अंदाजित रकमेपेक्षा मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचा, बरीच तरतूद खर्चच होत नाही.