की-सर्व्हरवर राहिलेले नाव

प्रश्न : इंजिनिअरिंगला असताना, २०१२ मध्ये, मी ईमेल कूटबद्ध करण्यासाठी सार्वजनिक चावी (जिने इतरांना मला कूटबद्ध पत्र पाठवता येते) तयार करून की-सर्व्हरवर, म्हणजे अशा चाव्यांच्या खुल्या ऑनलाइन नोंदवहीत, चढवली. तिच्यातील माझे माहेरचे नाव, जुना ईमेल आणि टिप्पणीत हौसेने लिहिलेले ‘रंकाळा, कोल्हापूर’ आजही कोणालाही दिसते. कायद्याने ते काढून घेता येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अवघड आहे. जुन्या की-सर्व्हरांची रचनाच अशी, की चावीत भर घालता यावी पण काही पुसता येऊ नये; शिवाय ते एकमेकांशी नोंदी जुळवत राहतात, त्यामुळे एकीकडे पुसलेले दुसरीकडून परत येते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातील कलम १७, म्हणजे माहिती पुसून घेण्याचा हक्क, याच्याशी हे जुळणारे नव्हतेच, आणि अशाच मागण्यांपुढे एसकेएस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या अशा जुन्या सर्व्हरांचा सामायिक समूह २०२१ मध्ये बंद झाला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम १२ तसाच हक्क देते खरे. पण कलम ३ नुसार व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि चावी तुम्हीच चढवली होती. (परस्पर दुसऱ्या कोणी चढवली असती, तर गोष्ट वेगळी; जुने सर्व्हर तेवढीही चौकशी करत नसत.)

खासगी चावी (सार्वजनिक चावीची फक्त तुमच्याजवळ असलेली जोडी) किंवा तेव्हाचे रद्द-प्रमाणपत्र (चावी बाद करण्यासाठी करून ठेवलेली फाइल) एखाद्या जुन्या पेन ड्राइव्हमध्ये सापडले, तर चावी रद्द झाल्याचे जाहीर करा. नाव तसेच राहील, पण पत्र पाठवणाऱ्याला ती चावी बाद असल्याचे कळेल. नव्या चावीसाठी कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग हा की-सर्व्हर बरा, कारण तो ईमेलची खातरजमा झाल्याशिवाय नाव प्रसिद्ध करत नाही आणि सांगितल्यावर काढूनही टाकतो. टिप्पणीची जागा मात्र या वेळी रिकामी सोडा.